चाटून चाटून टक्कल!

मांजराची फर चमकदार हवी म्हणून आपण शाम्पू शोधतो, तेल शोधतो, औषधाचे थेंब शोधतो. आधी शोधायचं असतं ते कारण, हे मला माझ्या मिसळीच्या पोटाने शिकवलं. तेही चांगलंच महागात!

रविवारची सकाळ. हातात चहा, मांडीवर लॅपटॉप (सोमवारचं प्रेझेंटेशन, दुसरं काय!) आणि शेजारी सोफ्यावर चारी पाय वर करून पसरलेली आमची मिसळ. पांढरा, काळा आणि नारिंगी असा तिचा एकूण थाट. रूममेटने पहिल्याच दिवशी 'ही तर मिसळ!' म्हटलं आणि तेच नाव पडलं. सवयीने मी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि थबकलेच. फर कुठाय? हाताला लागली ती नुसती कातडी. गुलाबी, गुळगुळीत. मागच्या मांड्यांच्या आतून थेट पोटापर्यंत मॅडमनी टक्कल पाडून घेतलं होतं!

ही गोष्ट २०२३च्या पावसाळ्यातली. पुण्यात आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मिसळ कधी उंबरा ओलांडत नाही. मग हे आलं कुठून?

पहिला फोन अर्थातच आईला. "अगं, खोबरेल तेल लाव थोडं. आणि दूधभात घालतेस ना नीट?" लावलं तेल. मिसळने अर्ध्या तासात ते चाटून साफ केलं आणि उरलेलं माझ्या ऑफिसच्या काळ्या कुर्त्याला पुसलं. मग आणला खास मांजरांचा शाम्पू, माझ्या स्वतःच्या शाम्पूच्या दुप्पट किमतीचा. आंघोळ झाली खरी, पण माझे दोन्ही हात असे ओरबाडले गेले, की सोमवारी ऑफिसात सगळे सहानुभूतीने चौकशी करत होते.

टक्कल मात्र वाढतच होतं.

मग रात्री दोन वाजता आपण सगळे करतो ते मी केलं. इंटरनेटवर शोधलं. उत्तर आलं: स्ट्रेस. एकटी राहणारी, कंटाळलेली मांजरं स्वतःला चाटत सुटतात म्हणे. झालं! मी दहा-दहा तास ऑफिसात, घरी आले तरी कानाला फोन. म्हणजे माझ्या करिअरने माझ्या मांजराला टक्कल पाडलं? आठवडाभर मी साडेसहाच्या ठोक्याला बॅग उचलून बाहेर पडत होते. बॉसने दोनदा घड्याळ बघितलं. मिसळला पिसांची काठी आणली, बॉल आणले. ती मस्त खेळली. दमली. आणि मग निवांत बसून पुन्हा पोट चाटायला लागली.

ती रात्र

शेवटी मदतीला धावला एक मित्र. त्याचा लॅब्रेडॉर अधूनमधून आमच्याकडे वीकेंडला यायचा. "पिसवा असतील गं. माझ्याकडे एक ट्यूब उरलीय. मानेवर टाकायची, विषय संपला." ट्यूब होती, तिचा खोका नव्हता. मीही विचारलं नाही. उलट, कुत्रा केवढा आणि मांजर केवढं, म्हणून अर्धीच टाकली. किती हुशार मी!

संध्याकाळी टाकलेलं औषध. रात्री अकराच्या सुमाराला मिसळचे कान फडफडायला लागले. मग पाठीवरची कातडी थरथरायला लागली. तोंडातून लाळ. उठून माझ्याकडे यायला निघाली आणि मागचे पाय लटपटून तिथेच कोलमडली. मी तिला उचललं, तर अख्खं अंग मोबाइल व्हायब्रेट व्हावा तसं थरथरत होतं.

सुदैवाने रात्री उघडा असणारा एक दवाखाना सापडला. फोनवरच डॉक्टरबाईंनी विचारलं, "अंगाला काही लावलंत का?" मी सांगितलं. एक क्षण शांतता. "तिला मान चाटू देऊ नका. भांडी घासायचा लिक्विड साबण आणि कोमट पाण्याने तेवढा भाग धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि लगेच निघा." रूममेट गाडी चालवत होती, मी मागे मिसळला छातीशी धरून. तिला देवाचं नाव घेऊन हाका मारत होते आणि मनात एकच वाक्य घुमत होतं: हे मी केलंय.

त्या थेंबांत पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते सहज चालतं. पण असली रसायनं पचवून शरीराबाहेर टाकण्याची एक महत्त्वाची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. म्हणून आपली साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. टी ट्री ऑइल धोक्याचं, आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं फिनाइलछाप जंतुनाशकही. अर्धा डोस, पाव डोस हा हिशोबच इथे चुकीचा असतो. मांजर म्हणजे छोट्या साइझचा कुत्रा नव्हे! त्या रात्री सलाइन आणि स्नायू सैल करणारी इंजेक्शनं सुरू असताना डॉक्टरबाई हे अगदी शांतपणे सांगत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिसळ दोन दिवस तिथे होती. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यातून मला बघून तिने जांभई दिली. ऑफिसच्या कुठल्याही अप्रेझलने मला एवढा आनंद दिलेला नाही.

केसाचं टोक काय बोलतं

आठवड्याने मूळ दुखण्याची तपासणी. डॉक्टरबाईंनी टकलाच्या कडेचे चार केस उपटले, काचेवर ठेवले आणि म्हणाल्या, "या, बघा तुम्हीच." मायक्रोस्कोपखाली केसांची मुळं धडधाकट होती. टोकं मात्र तुटलेली, झाडूच्या काडीसारखी फाटलेली. "केस गळत असते तर टोकं निमुळती, शाबूत दिसली असती. हिचे केस गळत नाहीयेत. ही ते चाटून तोडतेय. म्हणजे हिला खाज येतेय. प्रश्न एवढाच, की कसली?"

गजकर्ण? निळसर-जांभळ्या दिव्याखाली केस हिरवे चमकतात का पाहिलं. नाही चमकले. पण सगळ्याच बुरशा चमकत नाहीत, म्हणून नमुना तपासायला दिला. (हे गजकर्ण मांजराकडून माणसाला होतं, तेव्हा हातावर गोल लाल चट्टा उठला असेल तर लपवू नका.) सूक्ष्म किडे शोधायला कातडी हलकेच खरवडून बघितली. तेही नव्हते. मग त्यांनी काढली एक बारीक दातांची फणी, अगदी आपल्या लहानपणी उवांसाठी असायची तशी. शेपटीच्या मुळाशी दोनदा फिरवली. काळे, मिरपुडीसारखे कण निघाले. ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवले आणि बघता बघता त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरले.

रक्त. मिसळचं. ते कण म्हणजे पिसवांची विष्ठा होती.

म्हणजे मित्राचं निदान अगदी बरोबर होतं. औषध तेवढं जीवघेणं!

"पण मला एकही पिसू दिसली नाही," मी म्हटलं. दिसणार कशी? मांजराची जीभ ही भारी चीज आहे. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की जिभेवरच्या बारीक काट्यांची टोकं पोकळ, पन्हळीसारखी असतात. त्यातून लाळ थेट फरच्या तळापर्यंत पोचते. असा कंगवा असल्यावर पिसू टिकते कुठे! ती मांजराच्या पोटात जाते (आणि सोबत कधीकधी टेपवर्म घेऊन जाते, म्हणून जंताचं औषधही हवंच). पण काही मांजरांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. मग पिसू मेली तरी खाज उरते. एखाद-दोन चावेही पुरतात.

आणि तो स्ट्रेस? असतो, पण वाटतो तेवढा नाही. 'मानसिक कारणाने टक्कल' असा शिक्का बसलेल्या २१ मांजरांची नीट तपासणी केली, तेव्हा १६ जणांचं कारण निव्वळ शारीरिक निघालं, असा अभ्यास अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झाला होता. हे ऐकून मला हायसं वाटलं. आणि लाजही. अपराधी वाटून घेणं सोपं होतं, डॉक्टरकडे जाणं लांबणीवर पडलं ते त्यामुळेच.

मोहीम पिसू

अंगावर असतात त्या पिसवा म्हणजे फौजेचा अगदी लहान हिस्सा. बाकी अंडी, अळ्या आणि कोश घरभर पसरलेले. कोशातली पिसू तर महिनोन्महिने दडी मारून बसू शकते. मोजे-बुटांवरून, जिन्यातल्या मांजरांकडून, नाहीतर पाहुण्या लॅब्रेडॉरकडून, त्या चौथ्या मजल्यावरही पोचतात. पावसाळ्यातली उबदार दमट हवा म्हणजे त्यांचा सीझनच!

मग तीन महिने शिस्त. दर महिन्याला मांजरासाठीचंच, वजन करून दिलेलं औषध. चादरी, अभ्रे, मिसळची गादी दर आठवड्याला गरम पाण्यात. सोफ्याच्या फटींपासून पलंगाखालपर्यंत रोज व्हॅक्युम. मित्राच्या लॅब्रेडॉरलाही त्याचे थेंब वेळेवर. (मित्राशी पंधरा दिवस अबोला होता. मग मीच फोन केला. ट्यूब माझ्याच हाताने टाकली होती ना!)

आणि जेवण. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रोटीन, आणि मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन, अ जीवनसत्त्व आणि कातडीला लागणारं एक फॅटी ॲसिड तिला मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. दूधभातातून ते येणार कुठून? शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. आईला हे पटवायला पिसवा मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. "आपल्या वाड्यातली मनी तर दूधपोळीवर..." "आई, ती मनी दिवसाला दोन उंदीर मारायची!" फोनवर क्षणभर शांतता. पॉइंट माझा.

शाम्पू आता रूममेटच्या कपाटात धूळ खातोय. धडधाकट, आखूड केसांच्या मांजराला आंघोळीची गरज नसते, ती स्वतःचं बघते. आपण आठवड्यातून एक-दोनदा ब्रश फिरवायचा, बस्स. आणि फर निस्तेज झाली, पाठीवर कोंडा दिसला, चाटणं एकदम वाढलं किंवा एकदम थांबलं, तर बाटली न शोधता दवाखाना गाठायचा. लठ्ठ किंवा म्हाताऱ्या मांजराची पाठ विस्कटलेली दिसली तर ते आळशी झालेलं नसतं. तिथवर त्याची मान पोचत नसते, किंवा सांधे दुखत असतात.

महिन्याभराने मिसळच्या पोटावर हात फिरवला तर मखमलीसारखी बारीक लव लागली. दिवाळीपर्यंत पोट पुन्हा पांढरंशुभ्र. आता रविवारचा चहा झाला की खिडकीतल्या उजेडात फणी, ओला टिश्यू आणि मिसळ असा आमचा पाच मिनिटांचा कार्यक्रम असतो. लॅपटॉप तेवढा वेळ बंद. ती आधी कुरकुरते, मग घुरघुरते.

परवा आईचा फोन आला. "काय गं, पोटावर केस आले ना तिच्या? बघ, मी सांगत होते. खोबरेल तेल लावतेस ना?"

"हो गं आई, लावते," मी म्हटलं. "माझ्या डोक्याला."