बाबासाहेबांचा फोटो लावून विकलं जाणारं नाणं

इंदोऱ्यातल्या आमच्या अभ्यासिकेतल्या एका पोराने परवा रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक पोस्टर पाठवलं. वर बाबासाहेबांचा कोट-टाय घातलेला फोटो, त्याखाली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी, 1923’, आणि त्याखाली पाच कॉईनची नावं. इथेरियम, रिपलचं एक्सआरपी, लाइटकॉईन, डोजकॉईन आणि पाचवं एक असं की जे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यात खाली मोठ्या निळ्या अक्षरांत: बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलं, आज क्रिप्टोने करून दाखवलं. पोराचा प्रश्न साधा होता. “दादा, बिटकॉईन तर आपल्या आवाक्यात नाही. याच्यातलं कोणतं चांगलं राहील?”

“काहीच घेऊ नको, झोप” असं लिहून आम्हाला मोकळं होता आलं असतं. पण दोन कारणांनी ते जमलं नाही. पहिलं हे की पोस्टरवरचा दावा पूर्ण खोटा नाही. दुसरं कारण आमचं स्वतःचं आहे, आणि ते आधी सांगितलं पाहिजे.

2021 च्या हिवाळ्यात कामठी रोडवरच्या एका हॉलमध्ये आम्हाला भाषणाला बोलावलं होतं. विषय, बाबासाहेबांचे आर्थिक विचार. बोलावणारा ओळखीचा, दीक्षाभूमीवर भोजनदानाच्या रांगेत आमच्यासोबत उभा राहिलेला कार्यकर्ता. आम्ही वीस मिनिटं बोललो, शाल घेतली, टाळ्या घेतल्या. आमच्यानंतर त्याने प्रोजेक्टर लावला आणि एका कंपनीच्या स्वतःच्या कॉईनची योजना समजावून सांगितली. महिन्याला 8 टक्के, आणखी माणसं जोडली तर वेगळं कमिशन. आम्हाला ते खटकलं. तरी आम्ही उठलो नाही, बोललो नाही, चहा पिऊन घरी आलो. त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत आमच्या वस्तीतल्या एक अंगणवाडी मदतनीस ताई बसल्या होत्या. त्यांनी बचत गटातून उचल घेऊन 40,000 रुपये भरले. चार महिने मोबाईलमध्ये आकडे वाढताना दिसले, मग ॲप उघडायचंच बंद झालं. ताईंनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही होते नं तिथं, म्हणून भरले जी.”

तेव्हापासून आम्ही हा विषय वाचत आलो आहोत. आम्ही समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे नाही. पण कोणत्या नाण्यावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न अखेर कोणाच्या हातात सत्ता आहे याचाच आहे, आणि तो आपल्याला नवा नाही.

आता पोस्टरचा दावा. 1893 पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जायचा आणि रुपये पाडून आणायचा. त्या वर्षी इंग्रज सरकारने टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या. पुढे किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिलं. रुपयाची किंमत पौंडाशी बांधून ठेवणाऱ्या या व्यवस्थेची बाजू केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने 1913 च्या आपल्या पुस्तकात घेतली होती. त्याच्या विरोधात लंडनमध्ये शिकणाऱ्या एका अस्पृश्य विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला. पुढे 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही बाबासाहेबांची मागणी स्पष्ट होती: रुपये पाडणारी टांकसाळ जनतेला बंद आहे तशी सरकारलाही बंद करा, आणि सोन्याचं नाणं चलनात आणा. नाणं काढणाऱ्याच्या मर्जीवर त्यांचा विश्वास नव्हता. मर्यादा ही त्याच्या चांगुलपणात नको, व्यवस्थेतच हवी.

हे वाचल्यावर बिटकॉईनवाल्याचे डोळे चमकतात, आणि ते आम्ही समजू शकतो. बिटकॉईन 2 कोटी 10 लाखांच्या वर कधी निघणार नाहीत, असा नियम त्याच्या रचनेतच आहे. 2009 पासून तो कोणाला कायमचा मोडता आलेला नाही. म्हणजे टांकसाळ कोणाच्या हातात, या पहिल्या कसोटीवर बिटकॉईन बऱ्यापैकी उतरतं. हे मान्य न करता नुसतं ‘सट्टा आहे’ म्हणणं हा आमच्या मते बौद्धिक आळस आहे.

पण बाबासाहेबांची दुसरी कसोटीही आहे, आणि पोस्टर छापणाऱ्याने पुस्तक उघडलं असतं तर ती पहिलीइतकीच ठळक दिसली असती. रुपयाचा पौंडाशी भाव किती, याला त्यांच्या लेखी दुय्यम स्थान होतं. त्या रुपयात बाजारातून किती सामान येतं आणि उद्याही तेवढंच येईल का, हा त्यांचा मूळ प्रश्न. कारण भाव चढले की व्यापारी निभावून नेतो, मरतो तो बांधलेल्या मजुरीवर जगणारा. आता पाहा, नोव्हेंबर 2021 मध्ये एक बिटकॉईन 69,000 डॉलरच्या आसपास होतं आणि वर्षभराने 17,000 च्याही खाली. नंतर ते पुन्हा चढलं, हो. पण ताईंच्या पोरीची कॉलेजची फी भरायची तारीख त्या चढण्याची वाट पाहत नाही. (आपला रुपयाही दरवर्षी झिजतो, हे आम्ही विसरलो नाही. पण तो एका वर्षात पाऊण झिजला तर सरकारं पडतात.)

आता ‘दुसऱ्या’ नाण्यांकडे या. आधी त्या ‘आवाक्यात नाही’ला उत्तर. बिटकॉईनचा तुकडाही मिळतो, शे-दोनशे रुपयांचाही मिळतो. अख्खं घ्यावं लागतं हा गैरसमज आहे, आणि स्वस्त कॉईन विकणाऱ्यांचं अर्धं दुकान त्यावरच चालतं. दोन रुपयांचं कॉईन स्वस्त नसतं. ते किती कोटी काढले आहेत आणि त्यातले किती कोणाकडे आहेत, हे पाहिल्याशिवाय त्याच्या भावाला अर्थ नाही. एक्सआरपी घ्या. 10,000 कोटी नाणी पहिल्याच दिवशी तयार झाली आणि त्यातली 8,000 कोटी संस्थापकांनी आपल्या कंपनीला दिली. पुढे कंपनीने मोठा हिस्सा कुलूपबंद करून हप्त्याहप्त्याने सोडायचं ठरवलं. शिस्त आहे, नाही म्हणत नाही. पण किल्ली कोणाकडे आहे? जन्मतःच ज्याच्या नावावर गावातली ऐंशी टक्के जमीन आहे, त्या गावाला आपण काय म्हणतो, ते इथे वेगळं लिहायला नको.

इथेरियमचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि आम्हाला त्याबद्दल जास्त आदरही आहे. त्यावर खरोखर काहीतरी चालतं, करार लिहिले जातात. पण 2016 चा प्रसंग लक्षात ठेवा. ‘डीएओ’ नावाच्या सामायिक निधीतून कोणीतरी कोडमधली फट शोधून सुमारे 36 लाख इथर वळते केले. ‘कोड हाच कायदा’ म्हणणाऱ्यांनी मग बहुमताने साखळीतच अपवादात्मक बदल केला आणि पैसे परत मिळवून दिले. ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, तीच आजची इथेरियम क्लासिक. निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर अभ्यासिकेत एक अख्खी संध्याकाळ वाद होऊ शकतो. आमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की माणसांचा हात नसलेलं नाणं ही कल्पना तिथे संपली. हात आहेतच. मग ते कोणाचे आणि किती, एवढंच मोजायचं उरतं.

लाइटकॉईन 2011 चं, बिटकॉईनचंच धाकटं भावंड, चौपट नाणी आणि चौपट वेग. प्रामाणिक प्रकार, पण त्याच्या निर्मात्यानेच डिसेंबर 2017 मध्ये तेजी ऐन भरात असताना आपला जवळजवळ सगळा साठा सोडून दिला. डोजकॉईन 2013 मध्ये थट्टा म्हणून निघालं आणि त्यात दरवर्षी 500 कोटी नव्या नाण्यांची भर पडते. थट्टेत पैसे टाकायचे तर खुशाल टाका, बाबासाहेबांचा फोटो मात्र बाजूला ठेवा.

आणि ज्यांना वाटतं की नियम कोडमध्ये लिहिला म्हणजे झालं, त्यांनी मे 2022 मधलं टेरा-लुना वाचावं. एक नाणं कायम एका डॉलरचं राहील असं वचन होतं. त्याचा भाव घसरला की ते देऊन एका डॉलरच्या किमतीची नवी लुना छापून घेता येईल, हा नियम. वर ठेवीला वर्षाला 20 टक्क्यांच्या आसपास व्याज. विश्वास डळमळला तशी लुना छापली जाऊ लागली, छापली तशी पडू लागली, पडली तशी आणखी छापावी लागली. 35 कोटींच्या आसपास असलेली लुना आठवड्याभरात साडेसहा लाख कोटींवर गेली. कोणीही नियम मोडला नव्हता. नियम पाळूनच सगळं जळालं.

यातलं काहीही ताईंच्या बाबतीत घडलेलं नाही, हे मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. ताईंना इथेरियमने बुडवलं नाही. त्यांना ज्याने बुडवलं ते नाणंच नव्हतं. आपल्या वस्त्यांत येणारं पोस्टर चार खरी नावं लिहितं ते पाचव्यासाठी. महाराष्ट्राला हे नवं नाही. एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉईन’च्या सभेवर छापा टाकला होता. त्या कॉईनच्या मागे खरी ब्लॉकचेनच नव्हती आणि त्याची मुख्य प्रवर्तक त्याच वर्षी जी गायब झाली ती झालीच. ‘गेनबिटकॉईन’ तर पुण्यात गाजलं. दर महिन्याला 10 टक्के, 18 महिने, तेही बिटकॉईनमध्ये, असं आश्वासन. परतफेडीची वेळ आली तेव्हा लोकांच्या हातात बिटकॉईनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं घरचं टोकन ठेवलं गेलं, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. 2018 मध्ये अटका झाल्या. मार्च 2022 मध्ये तर पुणे पोलिसांनी तपासाला मदतीसाठी घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, जप्त नाण्यांवर हात मारल्याच्या आरोपाखाली, अटक झाली. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी.

‘एमकॅप’ हा शब्द आम्ही पोरांना पाठ करायला लावतो. खऱ्या नाण्यात पैसे घ्यायचे आणि स्वतः छापलेल्या नाण्यात परत करायचे. 1893 नंतरच्या टांकसाळीवर बाबासाहेबांचा जो आक्षेप होता, त्याचं हे गल्लीतलं रूप आहे.

आमच्या एका तरुण मित्राचा यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. तो म्हणतो, “दादा, सोनं आपल्या आज्याकडे नव्हतं, जमीन नव्हती, बँक जामीनदार मागते, आणि शेअर बाजार आपल्याला कळला तोवर तिकडचे लोक तीन पिढ्या पुढे गेले. पहिल्यांदा एक अशी गोष्ट आली जी आडनाव विचारत नाही, तर तिथेही तुम्ही आम्हाला थांबवून राहिले?” खरं आहे, ब्लॉकचेन आडनाव विचारत नाही. पण विकायला येणारा विचारतो. तो आडनाव पाहूनच येतो, जयभीम करून बसतो, विहाराच्या हॉलमध्ये सभा घेतो आणि आमच्यासारख्या कोणाला तरी आधी बोलायला लावतो. जो विश्वास आपल्या बापजाद्यांनी मोर्च्यात लाठ्या खाऊन, एकमेकांच्या मयतीला उभं राहून कमावला, तोच त्याचा भांडवली माल आहे.

म्हणून ज्याला घ्यायचंच आहे त्याला आम्ही अडवत नाही, विचारायला लावतो. एकूण किती नाणी, पहिल्या दिवशी कोणाला किती मिळाली, नवीन काढण्याचा हक्क कोणाचा, आणि हे नाणं आज संध्याकाळी विकलं तर सीताबर्डीवर खर्चता येतील असे रुपये माझ्या बँक खात्यात येतात का? पाचव्या नाण्याच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाला उत्तरच येत नाही. चांगल्या नाण्यातही एक्स्चेंजवर दिसणारा आकडा म्हणजे तुमच्या खिशातलं नाणं नव्हे. जुलै 2024 मध्ये मुंबईच्या वझीरएक्समधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि सामान्य ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. शिवाय 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही. आणि बचत गटाच्या कर्जाचा, फीचा, दवाखान्याचा पैसा यात नको. सिगालोवाद सुत्तात बुद्धाने कमाईचे चार भाग सांगितले आहेत, त्यातला चौथा अडीनडीसाठी राखायचा. ताईंकडून नेमका तो चौथा भाग गेला.

ताईंना घेऊन आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत जाऊन आलो. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा आहे. पण कागद म्हणून ताईंकडे होते फक्त ॲपचे तीन स्क्रीनशॉट आणि त्या सभेचा एक फोटो. फोटोत मंचावर आम्ही आहोत, शाल पांघरून. तो फोटो तक्रारीला जोडायचा की नाही, असं ताईंनी आम्हालाच विचारलं. आम्ही जोडला, आणि त्यासोबत आमचा जबाबही लिहून दिला.

येताना गाडी संविधान चौकातून घेतली. रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. ताई मागे बसल्या होत्या, त्यांनी हात जोडले. आम्ही सिग्नल पाहत होतो.

रविवारी संध्याकाळी सहाला अभ्यासिकेत याच विषयावर बसतो आहोत. ते पोस्टर ज्याने फिरवलं त्यालाही आम्ही फोन करून बोलावलं आहे. पाचव्या नाण्याची सगळी माहिती घेऊन ये, म्हटलं, आणि ज्या पुस्तकाचं नाव छापलं तेही टेबलावर असेल. त्याने मेसेज वाचला आहे, दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून आलेलं नाही.