रंग बसवणे

मोटार जुनी झाली हे प्रथम कुठे दिसते, याचा आपण कधी विचार केला आहे का? पत्र्यावरचा रंग बरीच वर्षे टिकतो. वय दिसते ते बंपरच्या कडा, दारांवरच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी अशा काळ्या प्लास्टिकच्या भागांवर. नवेपणी कोळशासारखे काळे असणारे हे भाग दहाबारा वर्षांत राखेसारखे दिसू लागतात. उन्हातील अतिनील किरण प्लास्टिकच्या पृष्ठभागावरील रेणूंच्या साखळ्या तोडतात. तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि काळा भाग पांढुरका भासतो. म्हणजे येथे केवळ रंग उडालेला नसतो, तर पृष्ठभागच झिजलेला असतो. हा भेद ध्यानात घेतला, तर पुढील सारे काम समजते.

माझ्या बारा वर्षांच्या मोटारीचे हे भाग मी घरीच, फवाऱ्याच्या डब्यातील रंगाने रंगवले. त्यापूर्वी आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजमधील रंगाऱ्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "एवढ्यासाठी गाडी इकडं आणू नका सर, तुम्हीच करा. पण रंग मारायचा नसतो, बसवायचा असतो."

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला असे वाक्य सहज सोडून देता येत नाही. आपल्या भाषेत रंगासाठी किती क्रियापदे आहेत, ते पाहा. आपण रंग देतो, लावतो, मारतो, काढतो. ही सर्व क्रियापदे सकर्मक आहेत. त्यांत कर्ता आपण आणि रंग हे कर्म. परंतु रंग चढतो, धरतो, बसतो, तेव्हा कर्तेपद रंगाकडे जाते आणि आपण वाक्याबाहेर पडतो. 'बसवणे' हे 'बसणे'चे प्रयोजक रूप. त्यात करणारे आपण असतो खरे, पण प्रत्यक्ष बसायचे असते दुसऱ्याला. त्याला बसता येईल अशी सोय करणे, एवढेच आपल्या हाती असते. व्याकरणाच्या पुस्तकात आपण जे रूप तक्त्यातून शिकतो, त्याचा पुरा अर्थ त्या रंगाऱ्याने एका वाक्यात सांगितला होता.

ही सोय करण्यातच दिवस जातो. प्रथम साबणाच्या पाण्याने धुणे. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा व मेणाचा अंश काढणे. मोटार चमकवण्यासाठी लावलेले पॉलिश येथे शत्रू ठरते. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासणे, म्हणजे झिजलेला थर निघतो आणि रंगाला पकड मिळते. पुन्हा पुसणे, वाळवणे. शेजारच्या पत्र्यावर चिकटपट्टी आणि वर्तमानपत्रे लावणे. या भागांचे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीन जातीचे असते आणि त्यावर सहजासहजी काही चिकटत नाही. म्हणून रंगाआधी प्लास्टिकसाठीच्या खास प्रायमरचा पातळ थर द्यावा लागतो. जुने रंगारी या पहिल्या थराला 'अस्तर' म्हणतात. शब्द फारसीतून आलेला. कोटाच्या आतले कापडही अस्तरच. दोन्ही दिसत नाहीत, आणि दोन्हींवाचून वरचे टिकत नाही.

प्रत्यक्ष रंगाला त्या मानाने थोडा वेळ लागतो. डबा आतील गोळी वाजू लागल्यावरही मिनिट-दोन मिनिटे हलवायचा. पृष्ठभागापासून साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवायचे. फवारा कडेच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडच्या कडेबाहेर थांबवायचा. फार जवळ गेले तर ओघळ येतात. फार दूर गेले तर थेंब हवेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थरानंतर डब्यावर सांगितलेला वेळ थांबायचे. आपण या थराला 'हात' म्हणतो: पहिला हात, दुसरा हात. फवाऱ्याच्या रंगात हात पृष्ठभागाला लागतही नाही, तरी भाषेने मोजमाप बदललेले नाही. ऋतूही पाहावा लागतो. पावसाळ्यातील दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते, वैशाखाच्या उन्हात तो पोचण्यापूर्वीच सुकतो. मी मार्गशीर्षातील सकाळ निवडली.

एक गोष्ट मात्र मी त्या रंगाऱ्याला विचारली नव्हती; त्यानेच सांगितली. "मास्क चांगला घ्या. फडक्यानं वास थांबत नाही. मी वीस वर्षं रुमालावर काढली." मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "सगळा रंग इथं बसलाय." त्याचा खोकला मी अनेक वर्षे रस्त्यावरून ऐकत होतो.

क्रियापद तेच होते. अनेक व्यावसायिक मोटाररंगांत मिसळल्या जाणाऱ्या कठीणकारकांत आयसोसायनेट नावाची संयुगे असतात आणि श्वासावाटे ती गेल्यास दमा जडू शकतो. घरगुती डब्यातील द्रावकांची वाफही निरुपद्रवी नसते, आणि त्यातील वायू ज्वालाग्राही असतो. म्हणून हे काम उघड्या हवेत, आगीपासून दूर आणि सक्रिय कोळशाचे गाळणे असलेला मास्क लावूनच करावे. माझ्यासाठी हा एका सकाळचा प्रश्न होता, त्याच्यासाठी आयुष्याचा. आपण रस्त्यावर ज्या चकाकत्या मोटारी पाहतो, त्यांतील कित्येकींचा रंग दोन ठिकाणी बसलेला असतो, आणि त्यांपैकी एकच आपल्याला दिसतो.

आपल्यापैकी अनेकजण दिवसभर काम करून रात्री ही पुस्तिका उघडतात. संपर्कसत्रांत आपण मला नेहमी सांगता, "सर, वाचतो, पण डोक्यात बसत नाही." हे वाक्य आता मी वेगळ्या कानांनी ऐकतो. एका रात्रीत दिलेला जाड थर ओघळतो, हे खरेच. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. ज्या हातांनी आपण पाने उलटता, त्यांच्याकडे आधीच एक शब्दसंपदा आहे. शिवणकाम, गवंडीकाम, शेती, स्वयंपाक, गॅरेज, रुग्णसेवा, जे आपले काम असेल त्यात असे शब्द आहेत, ज्यांचा पुरा अर्थ ते काम करणाऱ्यालाच ठाऊक असतो. प्रयोजक क्रियापदांचा पाठ वाचण्यापूर्वी आपल्या कामातील दहा क्रियापदे वहीत लिहून काढा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी नोंदवा: त्या वाक्यात कर्ता कोण, आणि त्या कामाची किंमत कोणाच्या शरीरात बसते.