बुधवारची ताई



स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा नेहमीप्रमाणे "एखादी पाककृती देते" म्हणून सुटका करून घेणार होते. पण वर्षभर एक गोष्ट मनात घोळते आहे, ती आधी लिहून टाकते. खव्याच्या पोळ्या पुढच्या वर्षी!

आमची लेक पंधरा वर्षांची. तिने ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डच्या ब्राँझसाठी नाव घातलं. त्यात समाजसेवेचा एक भाग असतो. किमान तीन महिने, आठवड्याला साधारण एक तास. कुणी वृद्धाश्रमात जातं, कुणी झाडं लावतं. हिने निवडला नाएनाएमधला एक होमवर्क क्लब. दर बुधवारी शाळा सुटली की तिथल्या लहान मुलांचं वाचन घ्यायचं.

माझा पहिला प्रश्न होता, "तिथेच कशाला?"

आता कबूलच करते. लोअर हटमध्ये घर घेताना आपल्यापैकी कितीतरी जणांनी आधी शाळेचं डेसाईल पाहिलं आणि मग स्वयंपाकघर. खरं तर डेसाईल हे अनुदान ठरवण्यासाठी १९९५ साली आणलेलं माप. शाळेत येणारी मुलं किती गरीब वस्तीतली आहेत एवढंच ते सांगायचं, शिक्षक कसे आहेत ते नाही. २०२३पासून ते गेलं, त्याजागी इक्विटी इंडेक्स आला. पण आमच्या डोक्यातला आकडा काही गेला नाही. वॉटरलूहून गाडीत बसलं की मध्ये एपुनी आणि मग नाएनाए. इतकंच अंतर, पण वीस वर्षांत मी तिथे पोहण्याच्या तलावापलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं.

लेकीच्या वाट्याला एक आठ वर्षांचा मुलगा आला, टोकेलाऊ कुटुंबातला. तिथल्या वाचनाच्या पुस्तकांना रंग असतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा असं करत सोनेरीपर्यंत जायचं. याच्या वयाची मुलं सोनेरीच्या आसपास असतात, हा निळ्यावर अडकलेला. हुशार इतका की चित्र बघून अख्खी गोष्ट रचून सांगायचा, फक्त छापलेली सोडून! ही त्याची तिसरी शाळा. भाड्याचं घर बदललं की शाळा बदलते, आणि दर वेळी मधलं काहीतरी निसटतं.

लेक हे सांगत होती आणि मी भाजी चिरता चिरता थांबले.

१९९४ साली मी पुण्यात कॉलेजात असताना एन.एस.एस.मधून कोथरूडला एका बांधकामावर मजुरांच्या मुलांना शिकवायला जात असे. पत्र्याची शेड, पाटी आणि आम्ही दोघी मैत्रिणी. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच ग म भ न गिरवायची. जोडाक्षरांपर्यंत आली होती. मग माझी परीक्षा आली. "पेपर झाले की येते गं," असं तिला सांगून मी गेले ती दीड महिन्याने परत आले. इमारतीला रंग लागत होता, शेड उठली होती. वॉचमन म्हणाला, "ती पोरगी रोज चार वाजता गेटपाशी उभी राहायची, ताई." कुठे गेली ते त्याला ठाऊक नव्हतं.

माझे वर्षाचे १२० तास मात्र भरले होते. प्रमाणपत्र अजून फाईलमध्ये आहे.

अशा मुलांसाठी मुंबईत रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना लष्करी यांनी १९८८ सालीच डोअर स्टेप स्कूल सुरू केलं होतं. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या दारात न्यायची. पुढे त्यांनी बसमध्येसुद्धा वर्ग भरवले. हे मी फार उशिरा वाचलं. एक विद्यार्थिनी परीक्षेला गेली म्हणून तिथला वर्ग बंद पडत नाही, हे वाचून बरंही वाटलं आणि लाजही.

तीन महिने संपले तशी लेक म्हणाली, "आई, माझे अवर्स झाले." मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तो विचारत होता, नेक्स्ट वेन्सडेला येणार का. काय सांगू?"

तेव्हा पहिल्यांदा मी तिला कोथरूडची गोष्ट सांगितली. तिने फक्त एवढंच विचारलं, "तिचं नाव काय होतं?" मला आठवेना.

क्लबातल्या बाईंना मुलं फाएआ म्हणतात. माओरीत फाएआ म्हणजे आई किंवा मावशी-काकूसुद्धा. त्यांनी लेकीला तुआकाना-तेइना समजावून सांगितलं. थोरल्या भावंडाने धाकट्याला शिकवायचं, ही माओरी रीत इथल्या शाळांनीही घेतली आहे. घरी येऊन म्हणाली, "आई, म्हणजे आपलं ताई-दादाच की!" फाएआंनी एक अट मात्र घातली. किती दिवस येणार ते मुलाला आधीच खरं खरं सांगायचं. हिने वर्षअखेरपर्यंत असं सांगितलं. सुट्टी लागायच्या आधी त्यानेच पुन्हा विचारलं, तर पुढच्या वर्षाचंही कबूल करून आली. मला न विचारता.

तो आता हिरव्यावर आहे. चित्रावर हात ठेवून वाचतो, म्हणजे फसवता येत नाही.

आणि हो, आपल्या मंडळाच्या नाचाची तालीमही नेमकी बुधवारीच असते. "लेक यंदा मागच्या रांगेत का?" असं दोघीतिघींनी विचारलं होतं, म्हणून सांगितलं.