घोड्याचा बदललेला पत्ता

५ डिसेंबर, शुक्रवार

भाची चिपळूणहून आली. चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी काम दिलंय: उघड्यावरची, तिकीट न काढता बघता येणारी दहा शिल्पं-चित्रं शोधायची आणि त्यांची रेखाटनं आणायची. "मामा, तुम्ही जन्मापासून लालबागेत. तुम्हाला सगळं माहीत असेल." मी मान डोलावली आणि मनातल्या मनात मोजायला लागलो. चारावर गाडी अडली.

जिन्याखालच्या दोन्ही सायकली बाहेर काढल्या. माझीला नवे ब्रेकचे रबर, तिच्या वाट्याच्या सायकलीला मागची ट्यूब. सायकलवाला म्हणाला, "काका, प्रभादेवीचा पूल तोडलाय, तिकडे जाऊ नका." म्हटलं, पूल सप्टेंबरपासून बंद आहे हे परळ-लालबागेत कोणाला सांगायला नको. पश्चिमेला जायचं तर करी रोडचा पूल नाहीतर थेट दादरचा टिळक पूल. आम्ही दक्षिणेला जाणार, तो सरळ रस्ता आहे.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी सहाला निघालो. काल महापरिनिर्वाण दिन होता. चैत्यभूमीवरून परतणारी माणसं अजून फुटपाथवर पिशव्या उशाला घेऊन झोपलेली.

पहिला थांबा खडा पारशी. भायखळ्याला दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात उभा आहे. शाळेत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराला आम्ही 'खडा पारशी' म्हणायचो, पण हा पारशी कोण, हे विचारायचं कधी सुचलं नाही. हे शेठ कर्सेटजी माणकजी श्रॉफ. मुलींच्या शिक्षणासाठी झटलेले त्यांचे चिरंजीव माणकजी कर्सेटजी यांनी वडिलांच्या आठवणीसाठी जॉन बेल या इंग्रज शिल्पकाराकडून १८६०च्या दशकात हे स्मारक करून घेतलं. खाली ओतीव लोखंडाचा नक्षीदार खांब, त्याच्या पायाशी चार जलपऱ्या, वर शेठजी. लोकांनी मान वर करून बघावं म्हणून एवढं उंच केलं, आणि नंतर पूल त्यांच्या खांद्याशी येऊन उभे राहिले. आता मान वर करणाऱ्याला पुलाचा कठडाच आधी दिसतो. भाची पंधरा मिनिटं एकाच जलपरीच्या शेपटीवर बसली होती. खवले एकेक करून काढत होती. तोवर एका टॅक्सीवाल्याने तिला विचारलं, "मॅडम, सर्व्हे चालू आहे का? पूल पाडणार?"

जेजेच्या उड्डाणपुलावर सायकलला बंदी, तेव्हा पुलाखालून. ते बरंच झालं. भेंडी बाजारात निहारीच्या डेगा उघडलेल्या होत्या. सायकलवर वास आधी येतो आणि दुकान मागून.

क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दारावर, दगडातली उठावशिल्पं आहेत. लॉकवूड किपलिंगची. हा १८६५ साली मुंबईत आला, जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवू लागला. रुडयार्डचा बाप ही त्याची ओळख नंतरची. त्या दारातून मी पन्नास वर्षं आंबे, फटाके आणि लग्नाच्या पत्रिका आणल्या असतील. वर पाहिलं नव्हतं. शिल्पात शेतमाल आणि कष्टाची माणसं, खाली हातगाडीवरून पपयांच्या करंड्या उतरवणारी माणसं. भाची दोन्ही एकाच कागदावर काढत होती. हमालाने करंडी थोडा वेळ डोक्यावर तशीच धरली, हसला, मग म्हणाला, "लवकर करा ताई, वजन आहे."

फोर्टात रविवारी सकाळी रस्ता आपल्या बापाचा असतो. फ्लोरा फाउंटनला चार फेऱ्या मारल्या. १८६४चं काम, नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथचं कोरीवकाम, दगड पोर्टलँडचा. मधली कित्येक वर्षं आपण त्या दगडाला पांढरा ऑइलपेंट फासत होतो. तो खरवडून २०१९ साली कारंजं पुन्हा मोकळं झालं. पलीकडे मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. पर्यटक फ्लोराचा फोटो काढताना या दोघांना चौकटीबाहेर ठेवतात. भाचीने मुद्दाम दोघांना पुढे घेऊन फ्लोराला मागे ढकललं.

आता आजचा खरा ऐवज. महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत आहे, १९३६ची. तिच्या दर्शनी भिंतीवर ना. ग. पानसरे यांची उठावशिल्पं: शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया, दोन मजले उंच. बसमधून ती कधी दिसली नाहीत, कारण बस फुटपाथला लागूनच जाते आणि खिडकी तेवढी उंच नसते. सायकल पलीकडच्या फुटपाथला टेकवून बसलो. पानसऱ्यांची माणसं सडपातळ, हातपाय लांब, पण हाताला काम आहे. विमा कंपनीच्या दारावर ऐटबाज देवदेवता किंवा सिंह न बसवता कुंभार बसवावासा वाटला, हे मला फार आवडलं. मुंबईतल्या उघड्यावरच्या शिल्पांत माझ्या मते हे पहिल्या नंबरचं. भाचीचं मत वेगळं: "छान आहे मामा, पण सगळे एकसारखे शिस्तीत उभे आहेत. कुंभार असा उभा राहतो का?"

शेवटी काळा घोडा. २०१७ साली बसवलेला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. पाठीवर कोणी नाही. भाचीने विचारलं, "स्वार कुठे गेला?"

"भायखळ्याला," मी म्हणालो. "बुधवारी नेतो."

१० डिसेंबर, बुधवार

गुडघा धरलाय, म्हणून बसने. गारेगार बस, माणशी १२ रुपये. भायखळ्याला राणीच्या बागेच्या फाटकाशी पोचलो तर कुलूप. बाग बुधवारी बंद. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. चणेवाला म्हणाला, "दर बुधवारी दोन-चार जण येतात." भाची काही बोलली नाही, लालबागेच्या माणसाबद्दलचं तिचं मत मात्र बदललं असावं. फाटकाचंच एक रेखाटन झालं.

११ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा तीच बस, तेच बारा रुपये. चणेवाल्याने ओळखलं.

संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. याच्यामुळेच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना यारी तुटली आणि हत्ती आपटून फुटला. तुकडे या बागेत आणून टाकले, आणि पन्नास वर्षांनी, १९१४ साली, ते जुळवून त्याला उभं केलं. जवळ जाऊन बघितलं तर अंगावर सांधे दिसतात. मोडलेलं हाड बसवल्यासारखे. भाचीने आधी फक्त सांधे काढले, कागदभर नुसत्या रेघा. मग त्यांच्याभोवती हत्ती.

घोडा आत, बागेत. सातवा एडवर्ड, तेव्हाचा युवराज, १८७५ साली मुंबईला येऊन गेला म्हणून आल्बर्ट ससूनने हा पुतळा शहराला दिला. बोएम या शिल्पकाराने घडवला, १८७९ साली उभा राहिला. लोकांनी स्वाराकडे लक्षच दिलं नाही. चौकाला नाव पडलं घोड्याचं. १९६५ साली स्वारासकट घोडा उचलून इथे आणला, आणि चौक ५२ वर्षं घोड्याशिवाय काळा घोडाच राहिला. नवा घोडा बसवताना स्वार कोणाला आठवला नाही. मुंबईकरांनी निकाल आधीच दिला होता.

आणि गंमत पुढे आहे. फ्लोराचं कारंजं मुळात फोर्टासाठी केलंच नव्हतं. ते याच बागेत, तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, बसायचं होतं. म्हणजे भायखळ्याची बाई फोर्टात गेली आणि फोर्टातला घोडा भायखळ्यात आला. दोघांच्या मधोमध जेजेचा पूल.

भाचीने वही मिटली. "मामा, घोडा मोजता येणार नाही."

"का?"

"तिकीट काढलं आपण."

खरंच की. रस्त्यावरून जाताना कोणालाही दिसणारा घोडा आता खिडकीवर पैसे भरून बघायचा. पुतळा हलवला म्हणजे फक्त जागा बदलली, असं मी धरून चाललो होतो. हत्तीचंही तेच, असं ती म्हणाली. त्यावर आमचं भांडण झालं. हत्तीला मी सोडायला तयार नव्हतो.

१३ डिसेंबर, शनिवार

वांद्रे. परळहून पादचारी पुलावरून चालत प्रभादेवी स्टेशन, तिथून धीमी लोकल. रिक्लेमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके. २०१४ साली रणजित दहिया आणि मंडळींनी रंगवले. एवढं मोठं चित्र माझ्या अंगावर येतं. जाहिरातीच्या फलकाच्या मापाने माणूस मोजू नये. भाची उलट म्हणाली. सिनेमाचा माणूस पडद्याएवढाच हवा. यावेळी ती बरोबर असावी.

दहियांचा जोर खरा दिसतो चॅपल रोडवर. २०१२ साली याच गल्लीत त्यांनी 'अनारकली'चं पोस्टर भिंतीवर उतरवलं आणि सिनेमाच्या भिंतींचा प्रकल्प सुरू झाला. ही रणवार गावठाणाची गल्ली. बैठी घरं, लाकडी जिने, भिंतीला टेकवलेल्या स्कूटर. एका चित्राच्या डोळ्यातून विजेच्या मीटरची वायर गेली होती. एक आजी खिडकीतून म्हणाल्या, "फोटो काढा, पण कुंडीला धक्का नको." चित्रावर चित्र चढतं इथे. जुन्याचे पोपडे निघाले तरी कोणी हळहळत नाही. भाची म्हणाली, "भिंत रंगवणाऱ्याला ठाऊकच असतं, ती जाणार." मला काही ते झेपत नाही.

परतताना तुळशी पाईप रस्त्याने बस. २००९च्या पंधरा ऑगस्टला शेकडो लोकांनी ब्रश घेऊन रेल्वेची ही भिंत रंगवली होती. त्यानंतर किती थर चढले, देव जाणे. लोकलमधून दिसते ती या भिंतीची पाठ.

१४ डिसेंबर, रविवार

भाची सकाळच्या गाडीने गेली. वहीत नऊ रेखाटनं. जलपऱ्या, हमाल, वायर गेलेला डोळा, फाटक धरून. हत्ती आहे, खाली पेन्सिलीने लिहिलंय: "तिकीट. सरांना विचारायचं." दहावं पान कोरं. तिथे घोडा येणार होता.

तिच्या वाट्याची सायकल पुन्हा जिन्याखाली ठेवली. कोणाला हवी असेल तर मागून न्यावी. राणीच्या बागेला जाणाऱ्यांनी बुधवार टाळावा.