नाव तेच, माणूस निराळा

प्रेमकथा जिथं संपते तिथं ती संपू द्यावी, एवढा शहाणपणा विशीत कोणाला असतो? ‘पुढं काय झालं भो?’ हे आमच्या जळगावात विचारलं जाणारच, मग गोष्ट गल्लीतली असो की पडद्यावरची. जानेवारी २०१४ मध्ये रवी जाधवांचा ‘टाइमपास’ आला आणि कॉलेजातल्या पोरांना दुसरा विषय उरला नाही. चाळीतला, दहावीत गटांगळ्या खाणारा दगडू आणि करड्या शिस्तीच्या माधवराव लेल्यांची प्राजक्ता. चाळ मुंबईची, बोलीही तिकडचीच. पण चिठ्ठी पोचवायला भरवशाचा दोस्त लागतो आणि पोरीच्या बापाला ‘शाकाल’सारखं एखादं नाव ठेवावंच लागतं, हे धुळ्याच्या गल्ल्यांना कोणी शिकवायला नको. शेवटी ताटातूट. पोरं हळहळली. खरं तर त्या हळहळण्यातच सगळी मजा होती.

१ मे २०१५ ला दुसरा भाग आला. दगडू आता मोठा, पैसेवाला. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांच्या जागी प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट. दोघं कसलेले नट, त्यांना बोल लावायचं कारण नाही. पात्रांची वयं वाढली, म्हणून चेहरे बदलले, हिशेब चोख. पण आपण ज्याच्यावर जीव लावला तो हा नव्हे, ही रुखरुख काही जाईना. ज्या भेटीसाठी झुरलो ती झाली, आणि झुरणं तेवढं हातचं गेलं. २०२२ मध्ये ‘टाइमपास ३’ निघाला, तो आधीच्या दोन भागांच्या मधला काळ धरून. प्रथमेश परतला, तर समोर हृता दुर्गुळे, म्हणजे नायिकाच दुसरी! हरवलेलं वय शोधायला निर्मातेही मागं फिरले होते की काय, कोण जाणे.

तापीपलीकडच्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांनी हा पेच उलट्या बाजूनं सोडवला. ‘कोसला’ आली १९६३ मध्ये. ती प्रेमकथा नव्हे, पण तिच्याच प्रेमात पडलेली पोरं खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या सापडतील. पुण्याला शिकायला गेलेला आणि हात हलवत गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर आपलाच, असं केळीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक होस्टेलवाल्याला वाटलं. त्याचं पुढं काय झालं, ते नेमाड्यांनी सांगितलंच नाही. एक तप उलटल्यावर, १९७५ मध्ये, ‘बिढार’ आली ती चांगदेव पाटलाला घेऊन. मग ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. नोकरीपायी या कॉलेजातून त्या कॉलेजात जाणारा, मास्तरकीत मुरत चाललेला चांगदेव. पांडुरंगाच्या आशेनं पुस्तक उघडणारे हिरमुसतात. त्यांना नोकरीच्या कटकटी नको असतात, पांडुरंगाचा तो तिरकस, रिकामटेकडा बहर हवा असतो. मला मात्र चांगदेव पस्तिशीनंतर जास्त भावला. आणि पांडुरंगाला कोणी हात लावला नाही, तो जिथं होता तिथंच शाबूत राहिला, हे लेखकाचे वाचकांवर उपकारच.

दगडूलाही दुसऱ्या खेपेला दुसरं नाव दिलं असतं, तर तो सिनेमा आम्ही निदान त्याच्या स्वतःच्या गुणांवर पाहिला असता. तिकिटं मात्र तेवढी खपली नसती, हेही खरंच.