काहून नाही गेली सोडून?

'मॅडम, कौतिक त्याले सोडून काहून नाही गेली?' 'धग' शिकवायला घेतली की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. बहुतेक वेळा विचारणारी मुलगी असते, मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी. चांदूर रेल्वेच्या आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या या पोरांना मराठी शिकवणाऱ्या बाई लगेच उत्तर देत नाहीत. हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून बराच फिरून आलेला आहे.

उद्धव शेळके यांची 'धग' 1960 साली आली. शिंप्याचं घर, नाकर्ता नवरा महादेव, आणि संसार उभा करायचाच म्हणून राबणारी कौतिक. बाईंच्या हाती ही कादंबरी शाळेच्या वयात लागली. वडील जिनिंगमध्ये कामाला, घरभर सरकीचा वास, आणि पुस्तकातली माणसं चक्क घरच्यासारखी 'मले-तुले' करणारी! छापलेल्या पानावर वऱ्हाडी बोली असू शकते हे तोवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांचा सगळा राग महादेववर होता. मूल वाचतं तेव्हा कुणीतरी वाईट लागतोच.

पण महादेव दुष्ट नाही. तो काम टाळतो, आणि पुढे महारोगाने त्याला गाठल्यावर तर रागवायलाही जागा उरत नाही. मग कौतिकवर हे सगळं लादलं कुणी? गरिबीने म्हणावं, तर गरिबीला चेहरा नाही. जातीने, रीतीने, भाऊबंदकीने म्हणावं, तर त्यातलं कुणी एकटं दोषी सापडत नाही. शेळक्यांचं मोठेपण इथेच आहे. कौतिकला त्यांनी बिचारी केलं नाही. ती ठरवते, हट्ट धरते, पोरांनी शिकावं म्हणून जिवाचं रान करते. तिचा प्रत्येक निर्णय तिचाच असतो आणि तरीही दर निर्णयानंतर तिच्यापुढच्या वाटा कमी होत जातात. सोडून जायचं तर जायचं कुठे, हे पोरांनी स्वतः शोधावं म्हणून बाई गप्प राहतात.

अमरावतीला बी.ए. करताना सत्तेचा चेहरा दिसला तो अरुण साधूंच्या लेखनात. साधू परतवाड्याचे, म्हणजे जिल्ह्यातलेच. पत्रकारितेने त्यांना मुंबईत नेलं. 1972 ची 'मुंबई दिनांक' आणि 1977 ची 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी 1979 मध्ये 'सिंहासन' चित्रपट केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात मंत्रालयात कुणी कुणाला मारत नाही. फोन होतात, गाड्या फिरतात, आमदार या गटातून त्या गटात जातात. निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस हे सगळं जवळून पाहतो. त्याला सगळं ठाऊक आहे आणि करता काहीच येत नाही; शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. खुर्चीवर बसलेलेही मोकळे नाहीत, हे साधूंनी फार नेमकं टिपलंय. मुख्यमंत्र्याचा दिवस खुर्ची राखण्यात जातो, आणि ती राखण्यासाठी जे करावं लागतं ते करायला नकार देण्याची मुभा त्याला नसते.

तेंडुलकर वाचायला घेतले आणि बाईंना झोप लागेना. 'घाशीराम कोतवाल' हे 1972 चं नाटक. नाना फडणवीस घाशीरामला कोतवाली देतो, वापरतो आणि डोईजड झाल्यावर जमावाच्या हवाली करतो. सत्ता माणूस घडवते आणि मोडते, असा त्याचा अर्थ वर्गात सहज सांगता येतो. बाईंना तो अपुरा वाटतो. त्या पोरांना मागे नेतात, जिथे घाशीराम आपल्या पोरीचा, गौरीचा, सौदा करतो त्या जागी. अपमान त्याच्यावर लादला गेला, चोरीचा आळही लादला गेला, पण सौदा त्याने केला. तेंडुलकर त्याला या सौद्यातून सूट देत नाहीत आणि म्हणूनच नाटक इतकं बोचतं.

त्याच वर्षीचा 'सखाराम बाइंडर' तर या प्रश्नाच्या गाभ्यालाच हात घालतो. नवऱ्यांनी टाकलेल्या बाया सखाराम घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी अटी ऐकवतो: घर मी म्हणेन तसं चालेल, पटलं नाही तर खुशाल जा, लुगडं देईन, गाडीभाडं देईन. जबरदस्ती नाही, दार उघडं. कागदावर याहून सरळ करार नसेल. पण ज्या बाईला जायला गावच उरलेलं नाही तिला तिकीट देऊन काय उपयोग? सेन्सॉरने हरकत घेतली, दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. वाद अश्लीलतेवर झाला. त्या उघड्या दाराची चर्चा मात्र कमीच झाली.

बाहेरच्या वाङ्मयातलं एकच उदाहरण बाई देतात. अँथनी बर्जेस यांच्या 1962 च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये हिंसेची चटक लागलेल्या पोराला सरकार औषधोपचाराने असं करून सोडतं की वाईट वागणं त्याला जमतच नाही. मग तो चांगला झाला का? मूळ कादंबरीत 21 प्रकरणं आहेत. शेवटच्या प्रकरणात पोराला स्वतःहूनच मारामारीचा कंटाळा येतो. अमेरिकेतल्या आवृत्तीत ते प्रकरण गाळलं होतं आणि दिग्दर्शक कुब्रिकचा 1971 चा चित्रपटही त्याच्याविनाच संपतो. म्हणजे पोराने आपणहून घेतलेला निर्णयच वगळला गेला!

आपल्याकडे औषध लागत नाही. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'तल्या चंदूकडे पाहावं. बाप गेलाय, तेरवीचा खर्च कसा करायचा याची चर्चा चाललीय, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय, आणि चंदू सगळ्यांची कामं करतोय. पाणी आणतो, ओझी उचलतो, पायाची जखम चिघळते तरी बोलत नाही. त्याला कुणी बांधून ठेवलेलं नाही. त्याच्या बहिणीला, प्रभाला, शिकायचं होतं, घराण्याची इज्जत आडवी आली, तिथेही कुणी काठी उगारली नाही. या नाटकात आवाज चढतात ते दागिन्यांवरून आणि शेतीवरून. चंदूसाठी एकदाही नाही. हिंसा शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याने आधी त्याचा पाय पाहावा, असं बाई सांगतात.

2006 नंतर मात्र हा विषय निव्वळ वाङ्मयाचा राहिला नाही. त्या वर्षी शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने वऱ्हाडातले पाच जिल्हे आणि वर्धा यांच्यासाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी राज्याकडून एक लाखाची मदत मिळू लागली: 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. सातबारा त्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर हवा, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. नाहीतर 'अपात्र'. अशा घरांतली पोरं बाईंच्या वर्गात बसतात. बापाने स्वतःच्या हाताने केलं, हे त्यांनी गावात ऐकलेलं असतं. त्यांच्यासमोर इच्छास्वातंत्र्य हा शब्द फळ्यावर लिहायला बाईंचा हात धजत नाही.

म्हणून त्या 'बारोमास' वाचून दाखवतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला आहे, नोकरीसाठी मागितलेला पैसा त्याच्याजवळ नाही, आणि शेती त्याला पुरत नाही. अर्जातल्या रकान्यात न मावणारं सगळं तिथे आहे: बायकोचं टोचून बोलणं, बापाचा जुना ताठा, भावाची चिडचिड, पावसाची वाट. पोरं मान खाली घालून ऐकतात आणि तासाभराने बोलू लागतात, पुस्तकातल्या माणसांबद्दल. आपल्या माणसांबद्दल थेट बोलण्याची सक्ती बाई कुणावर करत नाहीत.

लेखी काम म्हणून त्या एकच गोष्ट मागतात. कोणतंही पात्र घ्या, ज्या क्षणी त्याला वेगळं वागता आलं असतं तो क्षण दाखवा, आणि ते वागायला त्याला काय मोजावं लागलं असतं तेही लिहा. बहुतेक जण घाशीराम घेतात. यंदा एका मुलीने 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी घेतली. देवभोळी, मार खाल्लेली लक्ष्मी तिच्यानंतर घरात आलेल्या चंपाचं गुपित सखारामला सांगते आणि चंपाचा जीव जातो. मुलीने लिहिलं की लक्ष्मीला गप्प बसता आलं असतं, पण मग घराबाहेर तीच पडली असती. शेजारचा मुलगा तिच्याशी कडाडून भांडला: मार खाल्ला म्हणून दुसरीला मारायला लावायचा हक्क मिळते काय? ती म्हणाली, हक्काचं नाही म्हणून रायली मी, तिच्यापाशी दुसरं काय होतं थे सांग. अर्धा वर्ग तिच्याकडे, अर्धा त्याच्याकडे. पुढच्या तासाला दोघांनाही नाटक घेऊन यायला सांगितलं आहे.