चिरा

खाणीवर चिरे बघायला गेलात तर खाणवाल्याचं ऐकत बसू नका. चिऱ्यालाच विचारा. हातोडी हलकेच आपटा. पक्का चिरा खणकन बोलतो, कच्चा नुसता बद्द वाजतो. मग त्याला उलटसुलट करून बघा. अंगावर भोकं असणारच, ती त्याची जन्मखूण. पण भोकांत पांढरी-पिवळी मऊ माती असली आणि ती नखाने उकरून निघाली, तर तो चिरा बाजूला ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांत ती माती वाहून जाते आणि भिंतीत मुंग्यांना आयती बिऱ्हाडं मिळतात. ट्रक दारात रिकामा झाल्यावर ही चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. तोवर पैसे गेलेले असतात.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात हा घरोघरचा. सड्यावर पसरलेला असतो तोवर त्याला जांभा म्हणायचं, तासून चौकोनी केला की चिरा. साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच जाड, खाणीगणिक इंचभर इकडेतिकडे. वजन पंचवीस-तीस किलो. उचलणाऱ्याच्या खांद्यावर आणि डोक्याच्या फडक्यावर त्याचा तांबडा रंग असा बसतो की धुऊनही पुरता जात नाही.

त्याचं मूळ घराणं कोकणात बहुतेक ठिकाणी काळ्या कातळाचं. लाखो वर्षं उष्ण हवा आणि धो धो पाऊस सोसता सोसता त्या कातळातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, लोह गंजलं आणि काळ्याचा तांबडा झाला. म्हणजे ह्याला घडवला पावसाने, आणि पुढे जन्मभर गाठही पावसाशीच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी अंगावर घ्यायचं, तेही चार महिन्यांत. ज्या सड्यांवर आपल्याला नुसतं माळरान दिसतं, त्याच जांभ्यावर बारसू, कशेळी, उक्षी इथे प्राचीन माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली. ती कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. तेव्हा 'मऊ दगड, काय टिकणार' असं कुणी म्हणालं तर त्याला तिकडे पाठवावं.

मऊ आहे हे मात्र खरं, निदान तरुणपणी. फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात केरळातल्या अंगाडीपुरमजवळच्या या दगडाचा स्वभाव नेमका टिपला आहे: खाणीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, बाहेर काढल्यावर विटेइतका कठीण होतो आणि वारा-पाणी विटेपेक्षा चांगलं सोसतो. पूर्वी खाणीत टिकाव घेऊन एकेक चिरा कोरून काढत. आता मशीनची गोल पाती फिरतात आणि दिवसाला ढीग पडतो. काढायची पद्धत बदलली, चिऱ्याचा स्वभाव नाही. ताज्या चिऱ्याला मुरायला वेळ लागतो. बांधकामाची सरकारी मानकंसुद्धा सांगतात की खाणीतून काढलेला चिरा निदान तीन महिने उघड्यावर ठेवून मग वापरावा. आपल्याकडे सकाळी खाणीतून निघालेला चिरा संध्याकाळी भिंतीत असतो, कारण मुंबईहून आलेल्या मालकाची रजा आठ दिवसांची असते. जमलं तर दिवाळीनंतर चिरे आणून रचून ठेवा आणि फाल्गुनात काम काढा. रचताना मध्ये फटी सोडा, वारा खेळला पाहिजे.

त्याची तहान हा स्वतंत्र विषय आहे. मानकाप्रमाणे चिऱ्याने स्वतःच्या वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं. तीस किलोच्या चिऱ्याचा हिशोब करा: साडेतीन लिटर. एकेका दगडाच्या पोटात एवढं. म्हणून कोरडा चिरा तसाच मालावर बसवला, की मालातलं पाणी तो घटकेत पिऊन टाकतो, सिमेंट पिकायच्या आतच कोरडं पडतं आणि सांधा भुसभुशीत होतो. जुना गवंडी हाताखालच्या पोराला आधी ओरडतो, "तेका पाणी पाज, मगे बसय!" पाणी पाजायचं म्हणजे न्हाऊ घालायचं, टाकीत बुडवून ठेवायचं नाही. भिंत उभी राहिल्यावरही पुढचे सात-आठ दिवस तिला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. माल फार कडकही नको. 'सिमेंट जास्त घातलं की भिंत जास्त मजबूत' हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. सांधा दगडापेक्षा कडक झाला की पुढे झिजतो तो दगड आणि सांधे बाहेर उभे राहतात. जुन्या घरांत चुना किंवा नुसती तांबडी माती असे. तिथे झीज सांध्यावर येई, आणि सांधा काय, पुन्हा भरता येतो.

एवढं पाणी पिणाऱ्याला ते बाहेर टाकायलाही वाट हवी. चिऱ्याच्या घराची सगळी दुखणी आणि सगळी औषधं या एका गोष्टीत आहेत. जुन्या कोकणी घराकडे बघा. छप्पर उतरतं, पाखं भिंतीपासून चांगलं दोन-तीन हात पुढे आलेलं, चारी बाजूंना पडवी. भिंतीवर पाऊस पोचायचाच नाही. जो थोडा पोचेल तो वाऱ्याने सुकायचा. आतून माती-शेणाचा किंवा चुन्याचा हात, तोही ओल अडवून न धरणारा. चिऱ्याला उघडा ठेवायचा तर डोक्यावर छप्पर लांब हवं, आणि तेवढं छप्पर नसेल तर अंगावर चुना हवा. दोन्हीपैकी एक तरी द्यायलाच लागतं.

दोन्ही काढून घेतलं तर काय होतं हे बघायला जुन्या गोव्याला जावं. बॉम जेझू बॅसिलिका १५९४ ते १६०५ या काळात बांधली. भिंती चिऱ्याच्या, दर्शनी भागातलं कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचं, आणि भिंतींवर चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत एका वास्तुरचनाकाराने हा गिलावा उतरवून घेतला, दगड दिसला की इमारत अधिक जुनी आणि भारदस्त दिसते या समजुतीने. दिसलीही. आज येणारा प्रत्येक पर्यटक त्या तांबूस उघड्या भिंतीचाच फोटो काढतो. पण त्या भिंतींना कोकणी घराचं पाखं नाही. तेव्हापासून दरवर्षीचा पाऊस थेट चिऱ्यावर पडतो आहे, दगड झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा चढवा ही मागणी गोव्यात वारंवार होते. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल बघा, तेही चिऱ्याचंच, पण अंगावर पांढरा चुना. कुणाच्या फोटोत जास्त शोभून दिसतं तो प्रश्न वेगळा, ओल कुणाला कमी लागते ते उघड आहे. 'नॅचरल लुक' हवा म्हणून जुन्या घराचा चुना खरवडायला निघालेल्यांनी आधी हे बघून यावं.

आता आपल्या गावातल्या नव्या बंगल्यांकडे या. भिंत चिऱ्याची, वर सपाट स्लॅब, छज्जा दीड फूट, बाहेरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, त्यावर वॉटरप्रूफ म्हणून विकलेला चकचकीत रंग. पहिली दोन वर्षं फार छान. मग गिलाव्याला केसाएवढी चीर पडते. सिमेंट आणि चिरा यांचं ऊन-पावसात फुगणं-आकसणं सारखं नाही, चीर पडणारच. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि रंगामुळे बाहेर येत नाही. चिरा पितच राहतो. शेवटी ओल आतल्या बाजूने, सोफ्याच्या मागे फुटते. रंगाचे फुगे, पांढरा खार, पोपडे, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास. मालक पुन्हा रंगवाल्याला बोलावतो, तो आणखी एक थर देतो आणि पुढच्या वर्षी तोच खेळ. पावसात प्लॅस्टिकचा रेनकोट चढवून चढण चढल्यावर आतून जे होतं तेच.

अशा भिंतीला थर वाढवून उतार पडत नाही, थर उतरवावे लागतात. सुटलेला रंग आणि पोकळ झालेला गिलावा टकटक करून शोधा आणि काढा. भिंत एक उन्हाळा मोकळी सोडा, चिऱ्याला पोटातलं पाणी टाकू द्या. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी. चुनेगच्ची करणारा गवंडी आजकाल शोधावा लागतो, पण सापडतो. पावसाची बाजू फारच उघडी असेल तर त्या भिंतीवर पत्र्याची किंवा कौलांची झडप काढा. रंगाच्या चार डब्यांपेक्षा ती जास्त कामाला येते. बाहेरून चिरा दिसताच ठेवायचा असेल, तर वार्निश नको. दगडावर पापुद्रा न धरता आत मुरणारं, वाफ बाहेर जाऊ देणारं सिलिकॉन जातीचं लेपन मिळतं, ते पूर्ण सुकलेल्या भिंतीवर, मार्च-एप्रिलमध्ये मारावं.

चिऱ्याचे पाय नेहमी आधी भिजतात. पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून उडतं आणि जोत्याच्या वरचे दोन-तीन थर तांबड्या चिखलाने माखतात. तिथेच शेवाळ धरतं, तिथूनच ओल वर चढते. अलीकडे अंगणात सिमेंटचे ब्लॉक घालायची साथ आली आहे, आणि त्यांचा उतार बघितला तर निम्म्या घरी भिंतीकडे. अंगणाचा उतार घरापासून बाहेर हवा, दहा फुटांत निदान दोन-तीन इंच. पागोळी पडते त्या रेषेवर फूटभर रुंद चर काढून त्यात खडी किंवा चिऱ्याच्या कपऱ्या भरा, म्हणजे पाणी उडणार नाही, मुरेल. पन्हळ लावली असेल तर तिचं पाणी जोत्याशी सोडू नका, नळीने विहिरीकडे नाहीतर शोषखड्ड्याकडे न्या. आणि भिंतीला चिकटून बाग नको. केळ, कर्दळ, अळू ही सगळी ओल धरणारी मंडळी, त्यांना न्हाणीच्या पाण्यावर परड्यात जागा द्या. भिंतीपासून हात-दोन हात जागा मोकळी, झाडलेली राहू दे. आईच्या काळातली सारवलेली आळी भिंतीपासून लांब होती, ती उगाच नव्हती.

गडग्यात मात्र चिरा खऱ्या अर्थाने मोकळा असतो. माल नाही, गिलावा नाही, ओबडधोबड दगड एकमेकांवर नीट बसवलेले. वरच्या बागेतलं पाणी फटींतून खाली झिरपतं, मातीचा दाब साठत नाही. फटींत सरडे, मुंगसं आणि अधूनमधून ज्याचं नाव संध्याकाळी घेत नाहीत तेही. हल्ली गडगे पाडून सिमेंटमध्ये कंपाउंड वॉल बांधतात, पाण्याला भोकं ठेवत नाहीत, आणि पहिल्या जोरदार पावसात भिंत आख्खी रस्त्यावर झोपते. गडगाही ढासळतो, पण हातभर. त्याचे दगड तिथेच पडलेले असतात, दोन माणसं अर्ध्या दिवसात पुन्हा लावतात. पक्की भिंतच हवी असेल तर दर चार-पाच फुटांवर खालच्या थरात पाइपाचे तुकडे घालून पाण्याला वाट ठेवा, आणि मागे खडीचा भर द्या.

बाकी त्याचे वैरी ठरलेले. सांध्यात रुजलेला पिंपळ बोटभर असतानाच मुळासकट काढावा. नुसता मोडला तर तो दुप्पट जोमाने येतो. शेवाळ काढायला ॲसिड नको, ते चुन्याचे सांधे खातं. पाण्याची जोरदार पिचकारी नको, ती भोकांतली माती उडवते. हिवाळ्यात भिंत कोरडी असताना काथ्याचा ब्रश पुरतो. आणि चिऱ्याच्या इंचभर चकत्या कापून शहरातल्या काँक्रीटवर डिंकाने चिकटवतात, त्याबद्दल काही न बोललेलं बरं.

गावातलं जुनं घर पाडायची वेळ आली असेल तर एवढं करा: जेसीबी लावण्याआधी गवंड्याला बोलवा. माती-चुन्यात बसवलेले चिरे पहारीने हलवले की सबंध निघतात, साफ करून पुन्हा वापरता येतात. शंभर पावसाळे खाल्लेला चिरा खाणीतल्या ताज्या चिऱ्यापेक्षा कठीण असतो, आणि जुन्या चिऱ्यांना गिऱ्हाईक आहे. सिमेंटमधले तेवढे फुटतात.